रॅम्पच्या मोकळ्या बाजूचं रेलिंग जांभ्यात टिकत नाही, काय करावं?

सड्यावरची

नमस्कार. आमची सोसायटी रत्नागिरीत आहे, तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं. आम्ही तळमजल्यावर राहतो, पण जोतं दीड फूट उंच आहे. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंचांची. चार वर्षांपूर्वी पायऱ्यांच्या बाजूला, इमारतीच्या भिंतीला लागून रॅम्प केला. दोन्ही कडांना जांभ्याचे, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचे, चिरे, आत भराव, वर कोबा. लांबी १४ फूट, रुंदी चार फूट.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर आता ते चालतात. डावा पाय थोडा ओढत टाकतात, डावा हात मात्र अजून काहीच धरू शकत नाही. जे काही धरायचं ते उजव्या हाताने.

रॅम्प चढताना भिंत उजव्या हाताला येते आणि तिथे एक पाईप आधीपासून आहे. त्यामुळे बाबा वर येतात, हळूहळू पण येतात. खाली जाताना तीच भिंत डावीकडे जाते. उजवीकडे काहीच नाही, फक्त कड आणि खाली फरशी. मग ते उजवा हात छातीवरून डावीकडे नेऊन भिंतीचा पाईप धरतात आणि खेकड्यासारखे तिरके उतरतात. जूनमध्ये पहिल्या पावसात असेच उतरताना पाय सरकला आणि गुडघ्यावर पडले. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर तीन आठवडे ते उंबऱ्याबाहेर आले नाहीत. रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन बसायचे, ते बंद झालं.

तेव्हा मी समितीच्या मागे लागून मोकळ्या बाजूला रेलिंग बसवून घेतलं. फॅब्रिकेटरने कडेच्या चिऱ्यांवर लोखंडी प्लेट ठेवली, प्रत्येक प्लेटला चार अँकर बोल्ट मारले, त्यावर उभे पाईप. दिसायला छान होतं. महिन्याभरात मी सहज हाताने हलवलं तर वरचा खांब बोटभर डुलत होता. आणखी जोर दिला तर दोन बोल्ट हातात आले आणि भोकातून तांबडी भुकटी पडली. नशीब की बाबांच्या आधी माझा हात लागला. ते रेलिंग मी त्याच दिवशी दोरी बांधून बंद केलं.

आता समिती म्हणते, एकदा खर्च केला, पुन्हा नको, एका बाजूला पाईप आहे तेवढा पुरे. एक सदस्य म्हणाले, उतरताना त्यांना उलटं तोंड करून उतरू दे, म्हणजे पाईप उजव्या हातालाच येईल.

माझे प्रश्न असे. जांभ्यात रेलिंग पक्कं बसतं का? बसत असेल तर कसं? इथे समुद्राची हवा आहे, पाईप कोणता घ्यावा? आणि दुसऱ्या बाजूचं रेलिंग ही चैन नाही, हे समितीला कोणत्या शब्दांत सांगू?

भिंतीकडच्या पाईपाबद्दलही एक. तो भिंतीला इतका चिकटून आहे की बाबांच्या बोटांची पेरं प्लास्टरला घासून सोलवटली आहेत. आई त्यावर रोज रात्री खोबरेल लावते.

वेल्डिंग ३४ वर्षं

ताई, मी कुडाळकडचा. चौतीस वर्षं हेच काम करतोय, जांभ्याचा अनुभव भरपूर आहे.

तुमच्या फॅब्रिकेटरचं वेल्डिंग चुकलेलं नाही, जागा चुकली. अँकर बोल्ट भोकात फुगतो आणि बाजूच्या दगडाला दाबून धरतो. काँक्रीटमध्ये हे चालतं. जांभा सच्छिद्र, त्यात मऊ मातीच्या शिरा असतात. बोल्ट फुगला की तो आतल्या आत चुरा होतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, माणूस रेलू लागला की सुटतं. त्यातून कडेचा चिरा, म्हणजे बोल्टपासून बाहेरच्या तोंडापर्यंत चार इंचसुद्धा दगड नाही. तिथे कितीही महाग बोल्ट मारा, टिकणार नाही.

चिऱ्याला हातच लावू नका. खांब रॅम्पच्या बाहेर, जमिनीतून उभे करा. चार-चार फुटांवर एक खड्डा, फूटभर चौरस आणि दीड फूट खोल. वरच्या टोकाच्या दोन खांबांना दोन फूट खोल घ्या, कारण तिथे दांडा जमिनीपासून साडेचार फूट उंच येतो आणि तेवढा खांब जास्त झुलतो. खांबाच्या तळाला आडवा सळईचा तुकडा वेल्ड करा, म्हणजे तो काँक्रीटमध्ये फिरणार नाही आणि उपटणारही नाही. काँक्रीट एकास दीडास तीन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. वरचं तोंड जमिनीपेक्षा दोन इंच उंच ठेवा आणि बाहेर उतार द्या. खांबाच्या बुडाशी पाणी साचलं की तो तिथेच कुजतो, बाकीचा पाईप नवा दिसत राहतो. सात दिवस पाणी मारा, आठव्या दिवशी आडवे दांडे वेल्ड करा. घाई करून त्याच दिवशी वेल्ड केलं तर खांब हलतो आणि मग जन्मभर हलतच राहतो.

तुमचं नाव सड्यावरची आहे, म्हणजे घर जांभ्याच्या पठारावर, फूटभरात कातळ लागेल. लागला तर घाबरू नका, तोच चौकोन कातळात फोडून काढा आणि काँक्रीट भरा. कातळात नुसता बोल्ट मारू नका, तो जांभाच आहे.

भिंतीची बाजूही पुन्हा करा. पाईप आणि भिंत यांच्यात निदान ५० मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे मूठ पूर्ण बंद होते. भिंत जांभ्याची असेल तर ब्रॅकेटची शेपटी सहा इंच आत जाऊ द्या, टोकाला दुभंगवा आणि सिमेंटमध्ये बसवा. दाराच्या चौकटीला होल्डफास्ट बसवतो तसंच.

आता पाईपाचं माप. इथे भल्याभल्यांची फसगत होते. स्टेनलेस स्टीलचा पाईप बाहेरच्या मापाने विकतात, दीड इंची म्हणजे बाहेरून ३८ मिमी. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप, आतल्या नाममात्र मापाने विकतात, तिथे दीड इंची मागितलात तर बाहेरून ४८ मिमी येतो. म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत ४८ मावत नाही, बोटं आणि अंगठा भेटत नाहीत. ३८ ते ४५ मध्ये राहा. जीआय घ्यायचा तर सव्वा इंची सांगा, तो बाहेरून ४२ भरतो. हे दांड्याचं झालं. खांब दोन इंची चालेल.

समुद्राजवळ स्टील ३१६ ग्रेडचं घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत चहासारखे तपकिरी डाग पडतात, रोज पुसलंत तर ठीक, नाहीतर खड्डे धरतो. बाजारात २०२ सर्रास ३०४ म्हणून विकतात. लोहचुंबक लावून ते कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बजेट नसेल तर जीआय बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, पण वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंकचा रंग दोन हात मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि दांडा खांबाच्या डोक्यावर बसवू नका, म्हणजे मध्ये गोळा किंवा टोपी येऊ देऊ नका. खांबातून १२ मिमीची सळई वाकवून वर काढा आणि दांडा तिच्यावर ठेवा. हात खालपासून वरपर्यंत न सुटता सरकला पाहिजे.

खर्चाआधी एक विचारतो. १४ फुटांत दीड फूट चढ, बरोबर ना?

पांगिरा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत. तुमच्या बाबांसारखे रुग्ण रोज बघते.

उलटं तोंड करून उतरण्याचा सल्ला कृपया मानू नका. काही रुग्णांना आम्ही घरातल्या पायऱ्यांवर तसं शिकवतो, पण बाजूला उभं राहून, आणि पायरी सपाट असते म्हणून. ओल्या उतारावर, मागे न दिसता, अधू पाय मागे टाकत जाणं धोक्याचं आहे.

समितीला कागदावर नाही, रॅम्पवर सांगा. सगळ्यांना एकदा खाली बोलवा. प्रत्येकाने डावा हात खिशात घालायचा, डाव्या चपलेखाली रुमालाची घडी ठेवायची आणि फक्त उजव्या हाताच्या आधाराने चढून उतरायचं. चढताना जमेल. उतरताना उजवा हात आपोआप रिकाम्या बाजूला जाईल आणि हवेत राहील. मी हे एका सोसायटीत करून पाहिलं आहे, पाच मिनिटं लागली.

उंचीबद्दल. ९०० मिमी बहुतेकांना बरोबर येतं, पण बाबांना नेहमीची चप्पल घालून सरळ उभं करा, उजवा हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे दांडा असेल तर कोपर थोडं वाकतं आणि खाली दाब देता येतो. खूप उंच असेल तर ते दांड्याला लोंबकळतील, दाब देऊ शकणार नाहीत. काठी वापरतात का ते तुम्ही लिहिलं नाही. वापरत असतील तर तीही उजव्याच हातात असणार, मग रॅम्पवर काठी कोण धरणार हे आधीच ठरवा. मनगटात अडकवायची दोरी काठीला बांधलीत तर बरं.

चाकावरून

वरचं सगळं चालणाऱ्यांसाठी बरोबर आहे. मी व्हीलचेअरवर असतो, वर्ष एकोणीस झाली, म्हणून माझ्याकडून थोडं.

दोन दांडे लावा. वरचा मला कधीच कामाचा नसतो, खांद्याच्या वर जातो. ७०० मिमीच्या आसपास दुसरा असेल तर तो धरून मी स्वतःला वर ओढतो, आणि उतरताना चाकं तापली की त्याच दांड्यावर थांबून दम घेतो.

रुंदी जपा. तुमचा रॅम्प चार फूट, म्हणजे १२०० मिमीला जेमतेम पुरतो. खांब बाहेरून घेताय ते फार चांगलं, आतून घेतले असते तर एका बाजूला चार इंच गेले असते. मोकळ्या कडेला तीन-चार इंच उंचीचा उंबरा बांधा. खुर्चीचं पुढचं छोटं चाक एकदा कडेवरून गेलं की खुर्ची आणि माणूस दोन्ही जातात, दांडा तेव्हा कामाला येत नाही.

उताराबद्दल दादांनी विचारलंय तेच मलाही खुपलं. एकास बारा हे मोजमाप आहे, म्हणजे एक इंच चढाला एक फूट लांबी. दीड फुटाला १८ फूट लागतात. तुमचे १४ आहेत. चालणाऱ्या माणसालाही ते उतरताना पुढे ढकलतं.

पायथ्याशी स्कूटर लावतात का? बहुतेक सोसायट्यांत लावतात. दांडा उतार संपल्यावर सपाटीवर आणखी फूटभर पुढे न्यायचाच असतो, तो नेलात की तिथे स्कूटर लावणं आपोआप अवघड होतं.

मानद सचिव

मी दहा वर्षं एका सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे समितीच्या बाजूचंही सांगतो. समितीला सर्वसाधारण सभेशिवाय किती खर्च करता येतो, त्याची मर्यादा उपविधींत असते. काम त्यात बसत असेल तर समितीच्या सभेत ठराव होऊ शकतो, बसत नसेल तर विषयपत्रिकेवर विषय यायलाच हवा. तुम्ही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘बाबांसाठी’ असं लिहू नका. ‘रॅम्पच्या दोन्ही बाजूंना रेलिंग आणि उतार दुरुस्ती’ असं लिहा, सोबत मापांचं रेखाटन आणि दोन दरपत्रकं जोडा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कायद्याचा रोख सार्वजनिक इमारतींवर आहे, त्यामुळे सोसायटीच्या सभेत कायद्याची धमकी देऊ नका, माणसं अडून बसतात. मापं मात्र त्यातूनच घ्या. फॅब्रिकेटर, समिती आणि तुम्ही एकाच कागदाकडे बघत असाल तर वाद निम्मा होतो.

पहिल्या कामाचे पैसे फुकट गेले असं समजू नका. काढलेले उभे-आडवे पाईप बघा, चांगले असतील तर पुन्हा वापरता येतील.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

दादा, शेजारच्या गवंड्याला बोलावून पाण्याची नळी लावून मोजलं. चढ बरोबर १८ इंच, लांबी १४ फूट. म्हणजे एकास नऊच्या थोडं वर. पायथ्याशी फाटकापर्यंत सात फूट मोकळी जागा आहे, त्यामुळे चार फूट वाढवता येईल. पण पूर्ण रॅम्प तोडावा लागेल का? तसं असेल तर सभा होणारच नाही.

काढलेले पाईप पाहिले. बाहेरून ४८ मिमी आहेत. बाबांना धरायला दिले, अंगठा आणि मधलं बोट यांच्यात दोन बोटं जागा उरते. मला हे आजवर दिसलंच नव्हतं.

वेल्डिंग ३४ वर्षं

ताई, तोडायचं काही नाही. वरून पाचर चढवा. माथ्याशी शून्य, खाली जाताना जाड होत जाणार. आत्ताचा रॅम्प जिथे संपतो तिथे नवीन उतार बरोबर चार इंच उंच येतो आणि पुढच्या चार फुटांत जमिनीला मिळतो. जुना कोबा टाचून खडबडीत करा, सिमेंटचा पातळ हात द्या आणि मग काँक्रीट. माथ्याकडे पातळ थर सुटून येतो म्हणून तिथला कोबा दोन इंच खोल खरवडून काढा. वरून घोटून गुळगुळीत करू देऊ नका. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा मारायला सांगा, तुमच्याकडच्या शेवाळात पाय त्यानेच टिकेल.

हे रेलिंगच्या आधी करायचं. आधी रेलिंग लावलंत आणि नंतर उतार केलात तर पायथ्याशी दांडा चार इंच बुटका होईल, म्हणजे बाबांना जिथे सर्वात जास्त गरज तिथे वाकावं लागेल.

एक फायदाही आहे. १८ फूट रॅम्प, वर एक फूट, खाली एक फूट, झाले २० फूट. पाईप २० फुटांचाच येतो. एक दांडा, एक पाईप, मध्ये सांधा नाही. चार पाईप आणि टोकांचे वळसे. टोकं उघडी सोडू नका, वळवून खांबाला आणि भिंतीला मिळवा. सदऱ्याची बाही अडकली की माणूस मागे खेचला जातो.

जुने ४८ चे पाईप उभ्या खांबांना चालतील, जीआय असतील तर दांडेही जीआयच घ्या, स्टील आणि जीआय एकत्र वेल्ड करू नका.

सड्यावरची

काम झालं, म्हणून लिहितेय. नवरात्राआधी पूर्ण झालं.

समितीला मी रॅम्पवर बोलावलं. नऊपैकी सहा जण आले. रुमालाची घडी घालून चालायला आधी कोणी तयार नव्हतं. मग ज्या काकांनी उलटं उतरायला सांगितलं होतं तेच पुढे झाले. ते वर गेले, वळले, आणि उतरताना उजवा हात बाजूला काढून तसेच उभे राहिले. थोडा वेळ कोणी बोललं नाही. ते म्हणाले, ‘इथे काहीच नाही गं.’ ठराव त्याच आठवड्यात झाला. जीआय घेतलं, खर्चामुळे. सव्वा इंची दांडे, खांब जुन्या पाईपांचे.

खणताना दहा इंचांवर कातळ लागला. दोन मजूर दीड दिवस छिन्नी मारत होते. काँक्रीट भरून सात दिवस आई सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालत होती, गोणपाट बांधून ठेवलं होतं. आठव्या दिवशी मी आणि माझा भाऊ दोघांनी सर्वात वरच्या खांबावर अंग टाकून पाहिलं. हललं नाही.

पांगिरा ताई, उंची बाबांच्या मनगटावरून घेतली, ८८० मिमी आली. काठीला दोरी बांधली.

पहिल्या दिवशी बाबा माथ्यावर बराच वेळ उभे राहिले. उजवा हात नवीन दांड्यावर ठेवला, पुढे सरकवला, परत मागे घेतला. मी पुढे उभी होते, मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. मग उतरले. सरळ, तोंड फाटकाकडे. हात एकदाही सुटला नाही. खाली सपाटीवर आल्यावरही तो फूटभर दांडा संपेपर्यंत धरून होते, आणि मग काठी घेतली. १८ फुटांना चार मिनिटं लागली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

एक अजून राहिलंय. कडेचा उंबरा गवंड्याने माथ्याकडे अखंड केला, पण पायथ्याच्या चार फुटांत सोडून दिला आहे. म्हणतो, तिथे उंची कमी आहे, गरज नाही. चाकावरून दादा, तिथेही लागेल ना? तुम्ही सांगितलंत तर मी तेवढंच त्याला वाचून दाखवते.

चाकावरून

लागेल. पायथ्याशीच खुर्ची वळते, छोटं चाक तिथेच बाहेर जातं. चार इंचांवरून पडलं तरी खुर्ची कलंडते. शेवटपर्यंत न्या, फक्त टोकाला गोलाई द्या म्हणजे ठेच लागणार नाही. आणि पाणी जायला मध्ये एखादी भोकाची जागा ठेवायला सांगा, नाहीतर रॅम्पवरच तळं होईल.

सड्यावरची

उद्या सकाळी येतोय तो. सांगते.